ई-मेल उघडत नाही म्हणून पत्रे पुसू नका

सभासद बंधूंनो,

या पानावर आपण लागण, खोडवा, खते यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा, पण कामाचा आहे. माती परीक्षणाचा अहवाल, ठिबकच्या अनुदानाचे कागद, बँकेची पत्रे आता पुष्कळदा ई-मेलने येतात. ती वेळेला सापडली नाहीत तर खेटे आपल्यालाच घालावे लागतात.

मध्यंतरी नांदे येथे एका सभासदाकडे खोडवा पाहायला गेलो होतो. घरचा संगणक हळू चालतो म्हणून पुतण्याने थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम काढला आणि पेन ड्राइव्हवरची जुनी आवृत्ती बसवली. झाले! प्रोग्राम उघडेना. "साहेब, पाच वर्षांची पत्रं गेली का हो?" आबांनी विचारले. म्हटले, "गेली नाहीत आबा, पण आता कुणी काही पुसू नका."

कारण असे. प्रोग्राम वेगळा आणि पत्रे वेगळी. पत्रे 'प्रोफाइल' नावाच्या फोल्डरात असतात. प्रोग्राम काढला तरी ते फोल्डर जागेवर राहते. मात्र नव्या आवृत्तीने त्यातल्या नोंदी नव्या नमुन्यात लिहिलेल्या असतात. सोसायटीची खतावणी नव्या सेक्रेटरीने नव्या नमुन्यात लिहिली आणि जुना सेक्रेटरी परत आला, तर तो म्हणेल, "मी हात लावला तर नोंदी बिघडतील." थंडरबर्डही 2019 सालच्या 68 व्या आवृत्तीपासून असेच अडून बसतो. हा बिघाड नव्हे, राखण आहे. त्याहून जुन्या आवृत्तीत ही राखण नाही, म्हणून ती बसवूच नये.

अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे :

1) इशारा दिसताच 'क्विट' दाबून बाहेर पडावे. चुकून 'क्रिएट न्यू प्रोफाइल' दाबले गेले तर रिकामी पेटी दिसते. घाबरू नये, जुने प्रोफाइल बाजूला शाबूत असते.

2) आधी नक्कल काढावी. विंडोजमध्ये 'ॲपडेटा'तील 'रोमिंग' या फोल्डरात 'थंडरबर्ड' फोल्डर असते. 'ॲपडेटा' लपवलेले असते, म्हणून 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स'वर खूण करावी. पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावे.

3) पूर्वी होती तीच किंवा तिच्यापुढची आवृत्ती थंडरबर्डच्या अधिकृत ठिकाणाहून घेऊन बसवावी.

4) तरीही पेटी रिकामी दिसली तर 'हेल्प' मेनूतील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलांची यादी उघडावी व जुने प्रोफाइल निवडावे.

5) संगणकावर विंडोज 7 किंवा 8 असेल तर 2023 सालची 115 वी आवृत्ती ही तेथे चालणारी शेवटची. प्रोफाइल त्यापुढच्या आवृत्तीचे असल्यास विंडोज 10 किंवा पुढचा संगणक लागेल.

आणखी एक ध्यानात घ्यावे. खाते 'आयमॅप' पद्धतीचे असेल तर पत्रे सर्व्हरवरही राहतात. 'पॉप' पद्धतीत ती फक्त घरच्या संगणकावर असू शकतात, आणि 'लोकल फोल्डर्स'मधली तर तिथेच असतात. अशांनी नक्कल काढल्याशिवाय संगणकाला हात लावू देऊ नये.

नांद्याला आम्ही नक्कल काढली, नवी आवृत्ती बसवली आणि सगळी पत्रे दिसली. माती परीक्षणाचा अहवालही त्यातच होता. त्यावरून खोडव्याच्या खताचा हिशेब तिथेच बसून केला.

बेणे राखणारा शेतकरी हंगामाला अडत नाही. पत्रांचेही बेणे राखावे, दर महिन्याला एक नक्कल काढून ठेवावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी