सॉफ्टबॉलची स्पर्धा

मुलांनो, तुम्ही गल्लीत क्रिकेट किंवा विटीदांडू खेळता, तेव्हा खेळाला आरंभ होण्यापूर्वी थोडी वादावादी होतेच. समोरच्या भिंतीला चेंडू लागला तर किती धावा धरायच्या? विटी अंगणाबाहेर गेली तर गडी बाद की डाव चालू? चार मित्र एकत्र येतात, काही ठरवितात आणि खेळू लागतात. तुमची ती वादावादी म्हणजे नियम करण्याचेच काम असते. चार मित्रांत असा तोंडी ठराव पुरतो. परंतु निरनिराळ्या गावांहून संघ येतात, एकमेकांची ओळख नसते, आणि प्रत्येकजण जिंकण्याच्या उमेदीने आलेला असतो, तेव्हा तोंडी ठराव पुरत नाही. तेथे लेखी नियम आणि चोख व्यवस्था लागते. सॉफ्टबॉल या खेळाच्या उदाहरणावरून आपण ही गोष्ट समजावून घेऊ.

या खेळाचा जन्म मोठा गमतीदार आहे. इ. स. १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात एका नौकाविहार मंडळाच्या इमारतीत काही तरुण जमले होते. दूरच्या एका फुटबॉल सामन्याचा निकाल तारेने यावयाचा होता. निकाल आला, तेव्हा आनंदाच्या भरात एकाने तेथे पडलेला मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलविला. तेथे असलेल्या जॉर्ज हॅन्कॉक या गृहस्थाने लगेच तो मोजा दोरीने आवळून चेंडूसारखा बांधला, जमिनीवर खडूने मैदान आखले आणि सर्वांना खेळावयास बोलाविले. पुढे त्यानेच खेळाचे नियमही लिहिले.

हा खेळ गावोगाव पसरला खरा. पण प्रत्येक गावाने त्याला आपले नाव दिले आणि आपले नियम लावले. कोठे चेंडू मोठा, कोठे लहान. कोठे मैदानाची मापे निराळी. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव इ. स. १९२६ मध्ये सुचविण्यात आले. पुढे इ. स. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ठिकठिकाणच्या संघांची मोठी स्पर्धा भरली. मग सर्वांसाठी एकच नियमावली करणे भाग पडले, आणि त्याच सुमारास हे काम हाती घेण्यात आले. खेळ एका हातमोज्यातून जन्मला; त्याची नियमावली मात्र स्पर्धेच्या गरजेतून वाढली.

आता खेळ कसा असतो ते पाहू. प्रत्येक संघात मैदानावर नऊ खेळाडू असतात. मैदानाचा आतील भाग चौरसाकृती असून त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकास होमप्लेट व उरलेल्या तिघांस पहिला, दुसरा व तिसरा बेस म्हणतात. चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, हात खांद्यावरून न आणता खालून फिरवून चेंडू टाकतो. टोला मारणारा बॅटर चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावतो. तेथून दुसरा, तिसरा असे करीत जो होमप्लेटला परत पोहोचतो, त्याची एक धाव होते. फेकीचे तीन चांगले चेंडू हुकले, टोलविलेला चेंडू वरचेवर झेलला गेला, किंवा बेसवर पोहोचण्यापूर्वी चेंडू तेथे पोहोचला, तर खेळाडू बाद होतो. तीन खेळाडू बाद झाले की दुसऱ्या संघास टोलविण्याची पाळी मिळते. मोठ्यांच्या सामन्यात असे सात डाव असतात. लहान मुलींसाठी ‘लिटल लीग’ या अमेरिकन संस्थेने सहा डाव ठेवले आहेत.

या खेळातील एक नियम प्रथमदर्शनी फार विचित्र वाटतो. समजा, पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावणारे खेळाडू उभे आहेत आणि संघाचे दोनांपेक्षा कमी खेळाडू बाद झाले आहेत. अशा वेळी बॅटरने चेंडू उंच उडविला आणि तो बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला सहज झेलता येण्याजोगा असला, तर झेल घेतला जाण्यापूर्वीच पंच बॅटरला बाद ठरवितात. चेंडू अजून आकाशात असता खेळाडू बाद कसा? कारण असे, की चेंडू झेलला जाईल या समजुतीने धावणारे खेळाडू आपापल्या बेसजवळच थांबतात. हा नियम नसता, तर लबाड क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडील. मग बॅटर पहिल्या बेसकडे येत असल्यामुळे आधीच्या दोघांना पुढे धावणे भाग पडेल आणि तो क्षेत्ररक्षक पडलेला चेंडू उचलून एकाऐवजी दोघांना सहज बाद करील. झेल सोडणाऱ्यास झेल घेणाऱ्यापेक्षा अधिक लाभ! हा अन्याय टाळण्यासाठीच तो नियम आहे. कोणताही नियम विचित्र वाटला, तर त्याला हसण्यापूर्वी तो कोणत्या लबाडीला आळा घालतो याचा शोध घ्यावा.

खेळाचे नियम समजले, तरी स्पर्धा भरविणाऱ्याचे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते. प्रथम मैदान आखावे लागते. लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी दोन बेसमधील अंतर ६० फूट असते आणि पिचरने होमप्लेटपासून ४० फुटांवरून चेंडू टाकावयाचा असतो. आता ६० फुटांचा चौरस बिनचूक कसा आखावा? होमप्लेटपासून मैदानाच्या मध्यातून ८४ फूट १० इंचांहून किंचित अधिक अंतर सरळ मोजून तेथे दुसऱ्या बेसची खूण करावी. नंतर १२० फूट लांबीची दोरी घेऊन तिच्या बरोबर मध्यावर गाठ मारावी. दोरीचे एक टोक होमप्लेटला व दुसरे टोक दुसऱ्या बेसला धरून गाठ उजवीकडे ताणली, की पहिल्या बेसची जागा मिळते; डावीकडे ताणली, की तिसऱ्या बेसची. चौरसाच्या कर्णाविषयी भूमितीत जे शिकवितात, ते येथे एका दोरीने सिद्ध होते.

यानंतर सामन्यांची आखणी येते. बाद पद्धतीत जो संघ हरतो तो स्पर्धेबाहेर जातो. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून बारा संघ असतील तर अकरा सामने पुरतात. ही पद्धत सुटसुटीत आहे. पण लांबून प्रवास करून आलेल्या निम्म्या संघांना एकच सामना खेळून परत जावे लागते. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो. पण बारा संघांना त्यासाठी ६६ सामने लागतात! म्हणून मधला मार्ग काढतात. बारा संघांचे तीन-तीनचे चार गट करावेत. प्रत्येक गटात तीन सामने, म्हणजे एकूण बारा. चार गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने व एक अंतिम सामना. एकूण पंधरा सामन्यांत काम होते आणि प्रत्येक संघाला निदान दोनदा खेळावयास मिळते.

आपल्याजवळ दोन मैदाने आहेत आणि एका सामन्यास पावणेदोन तास लागतात, असे समजा. सकाळी साडेसात व सव्वानऊ वाजता आणि, दुपारचे ऊन टाळून, दोन व पावणेचार वाजता सामने ठेवले, तर एका दिवसात दोन्ही मैदानांवर मिळून आठ सामने होतात. पहिल्या दिवशी आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले चार, दोन वाजता उपांत्य सामने आणि पावणेचार वाजता अंतिम सामना. दोन दिवसांत स्पर्धा पूर्ण! गणित बरोबर आहे. पण व्यवस्था चुकली आहे. उपांत्य सामना संपतो न संपतो तोच मुलींना अंतिम सामन्यास उभे राहावे लागेल. ज्या पिचरने सकाळपासून शेकडो वेळा हात फिरविला, तिने विश्रांती कधी घ्यावी? म्हणून शहाणा व्यवस्थापक अंतिम सामना तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवील. एकाच गटाचे सामने लागोपाठ येऊ नयेत म्हणून तो एका मैदानावर दोन गटांचे सामने आलटून पालटून लावील. वेळापत्रक कागदावर जुळले, एवढ्यावर समाधान मानू नये. ते मुलांच्या अंगाला झेपते की नाही, हेही पाहावे.

काही गोष्टी आधीच लिहून ठेवाव्या लागतात. गटातील तिन्ही संघांनी एकेक सामना जिंकला तर पुढे कोणी जावे? अधिक धावांच्या फरकाने जिंकणाऱ्यास पुढे नेले, तर बलवान संघ दुर्बळ संघाची दुर्दशा करीत राहील. म्हणून प्रत्येक डावामागे ज्या संघाविरुद्ध कमीत कमी धावा झाल्या, त्यास पुढे पाठविणे बरे. पाऊस आला तर किती डाव झाल्यावर सामना पूर्ण समजावा? तक्रार कोणी व कोणाकडे करावी? सामना सुरू होण्यापूर्वी लिहिलेला नियम सर्वांना सारखा असतो. सामना संपल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी बाजूचा असतो. पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी, बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या तोंडावर जाळी आणि धावसंख्या लिहिणारा सावध लेखनिक, यांवाचून स्पर्धेस आरंभच करू नये.

लिटल लीगच्या नेहमीच्या सामन्यांत आणखी एक सुंदर नियम आहे. संघातील प्रत्येक मुलीला काही काळ क्षेत्ररक्षण आणि निदान एकदा टोलविण्याची संधी मिळालीच पाहिजे. संघ हरत असला तरी हा नियम मोडता येत नाही. कच्च्या खेळाडूला बाकावर बसवून मिळविलेला विजय या नियमाला मान्य नाही.

परंतु सर्वच नियम न्याय्य असतात असे नाही. याच संस्थेत पूर्वी मुलींना खेळण्यास बंदी होती. इ. स. १९७२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील होबोकेन या गावी मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी मुलांच्या बेसबॉल संघात निवडली गेली. ती तीन सामने खेळली. इतक्यात वरून आक्षेप आला, की मुलगी संघात राहिल्यास गावाच्या मंडळाची मान्यता काढून घेतली जाईल. इतर मुलांचा खेळ बंद पडू नये म्हणून मारियाला संघ सोडावा लागला. तिच्या वतीने स्त्रियांच्या एका संघटनेने दाद मागितली. इ. स. १९७३ मध्ये निर्णय मुलींच्या बाजूने लागला आणि इ. स. १९७४ मध्ये संस्थेने आपला नियम बदलला. मुलींसाठी सॉफ्टबॉलचा निराळा विभागही त्याच वर्षी सुरू झाला.

मात्र तोपर्यंत मारियाचे वय बारा वर्षांच्या पुढे गेले होते. ज्या दारासाठी ती झगडली, ते उघडले तेव्हा तिला त्यातून आत जाता आले नाही. तिच्यामागून आलेल्या असंख्य मुली मात्र त्यातून आत गेल्या. पुढे इ. स. १९९६ मध्ये अटलांटा येथील ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात महिलांच्या सॉफ्टबॉलला स्थान मिळाले. आज महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांतही मुलांबरोबर मुलींचे सॉफ्टबॉलचे संघ उतरतात.

मुलांनो, नियम पाळणे हे खेळाडूचे पहिले कर्तव्य आहे. पंचांचा निर्णय विरुद्ध गेला तरी तो शांतपणे मानावा. पण नियमच अन्यायाचा असेल, तर तो योग्य मार्गाने बदलवून घेणे हेही कर्तव्यच आहे. एखादे दिवशी तुमच्या शाळेत स्पर्धा भरविण्याचे काम तुमच्यावर येईल. तेव्हा हाती दोरी, कागद आणि पेन्सिल घ्या. आणि आखणी पूर्ण झाल्यावर स्वतःला एवढेच विचारा, की सर्वांत लहान गावाहून आलेल्या, सर्वांत कच्च्या संघातील शेवटच्या खेळाडूला या स्पर्धेत न्याय मिळेल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर खुशाल शिटी वाजवा.

अभ्यास

१. सॉफ्टबॉल खेळाचा जन्म कसा झाला ते चार-पाच वाक्यांत सांगा.

२. चेंडू आकाशात असतानाच बॅटरला बाद ठरविण्याचे कारण काय?

३. दोन दिवसांचे वेळापत्रक ‘गणिताने बरोबर, पण व्यवस्थेने चुकलेले’ का ठरले?

४. ‘सामना संपल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी बाजूचा असतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. मारिया पेपेला स्वतःला लाभ झाला नाही. तरी तिची धडपड वाया गेली असे म्हणता येईल का? तुमचे मत लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : आळा घालणे, दाद मागणे, भाग पडणे, झेपणे.

७. तुमच्या शाळेत आठ संघांची खो-खो स्पर्धा भरवावयाची आहे. बाद पद्धतीने किती सामने होतील? तीन दिवसांचे वेळापत्रक तयार करा आणि कोणत्या गोष्टी आधी लिहून ठेवाल त्यांची यादी करा.