माळवदावर माती किती?

जुळे सोलापूर ही शहराची नवी वस्ती. येथे घरे स्लॅबची. पण आपल्यापैकी पुष्कळांचे जुने घर गावाकडे आहे. ते माळवदाचे आहे. म्हातारी माणसे अजून तिथेच निजतात. म्हणून हा धडा.

कोकणात पाऊस धो धो पडतो. तिकडे उतरत्या छपरावर कौले घालतात. आपल्याकडे पाऊस थोडा, ऊन कडक. म्हणून वाडवडिलांनी सपाट माळवद केले. खांबावर तुळई, तुळईवर सर, सरावर किलचन, त्यावर पाला, आणि वर पांढरी माती. माती जाड असली की घर गार राहते.

आम्ही एका मावशींच्या घरी गेलो होतो. त्या म्हणाल्या, "दरसाल माती टाकते बाबा, तरी गळतंच."

आम्ही वर चढलो. कडेला खुरप्याने उकरले. माती दोन फूट निघाली! गळले की नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. अशी ती साठत गेली.

आता हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खण घ्या. त्यावर एक फूट माती असली तर तिचे वजन सुमारे ४५ क्विंटल भरते. म्हणजे जोंधळ्याची ४५ पोती! दोन फूट झाली की ९०. पावसात भिजली की आणखी जड. खाली तुळई मात्र तीच. तीही म्हातारी झालेली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती बोळवून लोक निजले होते. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. सोलापुरातही भांडी खडखडली. तिकडे मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, जड माळवदे खाली आली. हजारो माणसे झोपेतच गेली.

मग काय करावे? मृगाच्या आधी, कोरड्या दिवसांत पाहणी करावी.

१. तुळई वाकली आहे काय? तिची भिंतीतली टोके कुजली काय?

२. खांबाच्या बुडाला काठीने ठोका. आवाज पोकळ आला तर आत वाळवी समजा.

३. भिंतीला फुगवटा किंवा नवी भेग आहे काय?

४. वरून माती झरते काय?

यांपैकी काही दिसले तर त्या खोलीत निजू नये. वरही चढू नये. आधी जाणत्या सुताराला, गवंड्याला बोलवावे. त्यांनी खालून टेकू द्यावेत. मग माती काढावी. एकाच जागी खोल खणू नये. सगळीकडून थोडी थोडी, सारखी काढावी. काढलेली माती माळवदावर ढीग करून ठेवू नये; लगेच खाली टाकावी. खाली कोणी थांबू नये.

साधारण एक वीत माती पुरे. तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर गळती थांबते. माती चोपून पन्हळीकडे उतार द्यावा. पन्हळ साफ ठेवावी. गवत मुळासकट उपटावे. यापुढे नवी माती टाकायची तर तितकीच जुनी आधी काढावी.

मावशी म्हणाल्या, "म्हंजे मी घर राखत नव्हते, दाबत होते की!"

करून पाहा : पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा माळवदाची कड उकरा. माती किती वीत आहे ते मोजा आणि वहीत लिहा.