घरांतील फ्रीजचें दुखणें व त्याची चिकित्सा

वैद्य रोग्याच्या घरीं गेला म्हणजे प्रथम औषधाची पुडी सोडीत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप व भूक यांची चौकशी करितो, आणि मगच रोगाचें नांव घेतो. यंत्राच्या बाबतींत मात्र आपण बहुधा याच्या उलट वागतों. फ्रीज थंड होईना असें दिसतांच "गॅस संपला असेल" असें घरांत कोणीतरी म्हणतें, आणि परीक्षा होण्यापूर्वींच खर्चाची तयारी सुरू होते. वस्तुतः फ्रीजमधील गॅस दिव्यांतील तेलाप्रमाणें जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांत फिरत राहतो व नळीस कोठें तरी छिद्र पडल्यावांचून कमी होत नाहीं. एवढी एक गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्याची पुष्कळ फसगत टळते. फ्रीजचीं नेहमींचीं दुखणीं कशीं ओळखावीं, त्यांपैकीं कोणतीं घरच्याघरीं बरीं करावीं आणि कोठें हात आवरता घ्यावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

थंडी कोठून येते?

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार होतें याचें कारण आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. माठाच्या अंगांतून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होते, आणि त्यासाठीं लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून घेतली जाते. फ्रीजमध्यें हीच गोष्ट बंद नळ्यांत घडवून आणिलेली असते. १८३३ सालीं अमेरिकेंतील बॉस्टनहून निघालेल्या जहाजांतून तेथील गोठलेल्या पाण्याचा बर्फ कलकत्त्यास येऊन पोहोंचला, इतकें त्या काळीं थंडीचें मोल होतें. पुढच्याच वर्षीं, १८३४ सालीं, जेकब पर्किन्स यानें द्रवाची वाफ करून व ती पुन्हां दाबून थंडी उत्पन्न करण्याच्या यंत्राचें पेटंट इंग्लंडांत घेतलें. आजचा घरगुती फ्रीज त्याच तत्त्वावर चालतो.

फ्रीजच्या तळाशीं मागील बाजूस असलेला कॉम्प्रेसर गॅस दाबतो, व दाबल्यामुळें तो तापतो. मागच्या काळ्या जाळींत, किंवा हल्लींच्या अनेक फ्रीजांत बाजूच्या पत्र्याआड बसविलेल्या नळ्यांत, तो आपली उष्णता खोलींतील हवेस देऊन द्रवरूप होतो. पुढें अतिशय बारीक अशा एका नळींतून जातांना त्याचा दाब एकदम उतरतो. मग आंतल्या नळ्यांत त्याची पुन्हां वाफ होते, व ती होतांना अन्नांतील उष्णता शोषून घेते. म्हणजे फ्रीज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतील उष्णता उचलून बाहेर टाकणारा हमाल आहे. हें ध्यानांत आलें म्हणजे तपासणीचे चार प्रश्न आपोआप सुचतात. हमालास वीज नीट मिळते काय? दारांतून नवी उष्णता फाजील शिरते काय? आंतली उष्णता बाहेर टाकण्यास वाट मोकळी आहे काय? आणि आंतील हवा मोकळेपणें फिरते काय?

प्रथम मोजावें, मग बोलावें

"हातास गार लागत नाहीं" हा पुरावा नव्हे. पेलाभर पाण्यांत साधा थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या कप्प्यांत रात्रभर ठेवावा, आणि सकाळीं दार उघडतांच आंकडा वाचावा. तापाचा थर्मामीटर या कामीं चालत नाहीं. तो इतका खालीं उतरत नाहीं. पाण्याचें उष्णमान ५ अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून थोडें कमी असावें, आणि बर्फाच्या कप्प्यांत उणे १८ च्या आसपास असावें. त्याहून अधिक उष्णमानांत दूध, मांस, मासळी व शिजविलेलें अन्न यांतील जंतू झपाट्यानें वाढूं लागतात. आणि अन्न नासल्याचा वास येईपर्यंत थांबणें हा सुरक्षित मार्ग नव्हे.

ज्या घरीं मधुमेहाचा रोगी आहे त्या घरीं ही मोजणी अधिकच अगत्याची आहे. न उघडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावें लागतें. तें उष्णतेनें बिघडतें तसेंच गोठल्यानेंही निकामी होतें, आणि वितळल्यावर पूर्ववत् दिसलें तरी वापरण्यास योग्य राहत नाहीं. म्हणून तें बर्फाच्या कप्प्यांत अथवा मागच्या भिंतीस चिकटून कधींही ठेवूं नये.

वीज

फ्रीज अगदीं निपचित असेल व आंतला दिवाही लागत नसेल, तर त्याच सॉकेटमध्यें टेबलावरील दिवा लावून पहावा. तो न लागल्यास दोष फ्रीजचा नव्हे, भिंतींतील तारेचा किंवा फ्यूजचा आहे. आंतील दिवा लागतो परंतु यंत्र गप्प आहे असें असल्यास थर्मोस्टॅटची चकती शून्यावर सरकली आहे काय तें पहावें. आपोआप बर्फ वितळविणाऱ्या फ्रीजचें यंत्र त्या कामासाठीं मधून मधून स्वतःच बंद राहतें. तेव्हां अर्धा तास वाट पहावी.

दर कांहीं मिनिटांनीं 'टक्' असा आवाज, क्षणभर घरघर, पुन्हां 'टक्' आणि शांतता, असें चाललें असेल तर कॉम्प्रेसर सुरू होऊं पाहतो पण त्यास जमत नाहीं, व तो जळूं नये म्हणून संरक्षक खटका वीज तोडतो, असें समजावें. हें संध्याकाळीं पंखे मंदावतात त्याच वेळीं घडत असेल तर विजेचा दाब कमी पडत आहे. आपल्याकडे तो २३० व्होल्ट असावयास हवा. तो वारंवार घसरत असल्यास स्टॅबिलायझर बसवावा. दाब ठीक असूनही हें लक्षण राहिल्यास दोष कॉम्प्रेसरचा असूं शकतो, किंवा त्यास सुरू करणाऱ्या रिले नांवाच्या लहानशा भागाचाही असूं शकतो. रिले कॉम्प्रेसरच्या मानानें फार स्वस्त असतो. म्हणून मिस्त्री "कॉम्प्रेसर गेला" म्हणाला तर रिले तपासला काय, हा प्रश्न पालकांनीं नम्रपणें पण अवश्य विचारावा.

फ्रीज बंद केल्यावर तो निदान पांच मिनिटें तरी पुन्हां सुरू करूं नये. नळ्यांतील दाब समसमान होण्यास तेवढा अवधि लागतो, व त्यापूर्वीं सुरू केल्यास कॉम्प्रेसरवर अतिशय ताण पडतो.

दार

दाराच्या कडेची रबरी पट्टी नीट बसते कीं नाहीं हें पाहण्यास एक कागदाची पट्टी पुरे. ती दारांत धरून दार लावावें व हळू ओढावी. थोडा विरोध झाला तर रबर ठीक आहे. सहज सुटून आली तर तेथून दमट, उष्ण हवा आंत शिरत आहे. चारही बाजूंस ठिकठिकाणीं ही परीक्षा करावी. पुष्कळदां रबर फाटलेलें नसतें, केवळ मळलेलें किंवा वांकलेलें असतें. कोमट साबणाच्या पाण्यानें तें पुसावें, आणि वांकलेल्या जागीं गरम पाण्यांत पिळलेलें फडकें कांहीं वेळ दाबून धरावें. फ्रीजचे पुढचे पाय किंचित् उंच केले म्हणजे दार आपल्याच भारानें मिटतें.

पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, दाराच्या कडेवर बाहेरून दंव सांचतें. तो हवेंतील दमटपणाचा परिणाम असतो. कोरड्या फडक्यानें पुसणें हेंच त्यावर औषध.

उष्णतेची वाट

फ्रीज भिंतीस टेकवून, चुलीशेजारीं किंवा उन्हांत ठेवणें म्हणजे हमालाच्या वाटेवर दगड टाकणें होय. मागें वीतभर मोकळी जागा असावी. जाळी बाहेर असल्यास वर्षांतून दोन वेळां, प्लग काढून, मऊ ब्रशानें तिच्यावरील धूळ झाडावी. बाजूचे पत्रे गरम लागतात म्हणून भिण्याचें कारण नाहीं. उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. उलट कॉम्प्रेसर तासन् तास गुणगुणत आहे, तरी जाळी किंवा पत्रे थंडगार, आणि बर्फाच्या कप्प्यांत केवळ एका कोपऱ्यास थोडासा बर्फ, अशीं लक्षणें एकत्र दिसलीं तर मात्र गॅस गळाल्याचा संशय रास्त ठरतो. अशा वेळीं छिद्र शोधून बुजविल्यावरच गॅस भरावा, असा आग्रह धरावा. छिद्र तसेंच ठेवून गॅस भरणें हें फुटक्या घागरींत पाणी ओतण्यासारखें आहे.

हवा, बर्फ आणि पाणी

साध्या फ्रीजांत बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला कीं तो वितळवावा, कारण जाड बर्फ उष्णतेस अडवितो. प्लग काढून दार उघडें ठेवावें, कप्प्यांत गरम पाण्याचें भांडें ठेवावें, आणि धीर धरावा. सुरी, चमचा किंवा पेंचकस यांनीं बर्फ खरवडूं नये. त्याखालील पत्रा पातळ असून त्यांतूनच गॅसची वाट जाते. एका ओरखड्यानें चांगला फ्रीज निकामी होतो.

आपोआप बर्फ वितळविणाऱ्या फ्रीजांत पंखा थंड हवा वरून खालीं नेतो. बर्फाचा कप्पा कडक थंड, पण खालीं दूध नासतें, असें झाल्यास प्रथम भांड्यांनीं हवेचीं भोंकें झांकलीं आहेत काय तें पहावें. तसें नसेल तर सर्व जिन्नस काढून, प्लग काढून, दार उघडें ठेवून फ्रीज एक दिवस तसाच राहूं द्यावा. त्यानंतर तो कांहीं दिवस उत्तम चालला व पुन्हां तसाच बिघडला, तर आंत बर्फ सांचून हवेची वाट बुजत आहे, म्हणजे बर्फ वितळविणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा वेळ ठरविणारा भाग यांपैकीं कांहीं तरी बिघडलें आहे. मिस्त्रीस एवढें नेमकें सांगितलें म्हणजे त्याचें अर्धें काम होतें.

फ्रीजच्या तळाशीं आंत पाणी सांचत असेल तर बहुतेक वेळां मागच्या भिंतीच्या पायथ्याचें निचऱ्याचें भोंक भाजीच्या कचऱ्यानें तुंबलेलें असतें. सुई नसलेल्या पिचकारीनें त्यांत कोमट पाणी सोडावें. तें कॉम्प्रेसरवरील तबकांत उतरतें व त्याच्या उष्णतेनें सुकून जातें. नळ्यांतून येणारा खळखळ आवाज गॅसच्या वाहण्याचा असतो व तो निर्दोष आहे. खडखडाट मात्र बहुधा फ्रीज डगमगत असल्यामुळें किंवा तबक सैल झाल्यामुळें होतो.

कोठें थांबावें

फ्रीजला हात लावतांच झिणझिण्या आल्या तर कोणताही प्रयोग न करितां मेनचें बटण बंद करावें, मग प्लग काढावा, व वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें. ओल्या हातांनीं किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून कांहींही करूं नये. मागचें झांकण उघडणें हें विद्यार्थ्यांचें काम नव्हे. कपॅसिटर नांवाच्या भागांत प्लग काढल्यावरही वीज राहूं शकते.

गॅसच्या नळ्यांस तर कोणींही घरीं हात लावूं नये. १९२८ सालानंतर प्रचारांत आलेले जुने गॅस जळत नसत. परंतु ते आकाशांतील ओझोनचा थर नष्ट करितात असें आढळून आलें, व १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें झालेल्या करारानें ते हळूहळू बंद करण्यांत आले. आजच्या अनेक फ्रीजांत आयसोब्यूटेन हा गॅस असतो. तो ओझोनास अपाय करीत नाहीं, परंतु चटकन् पेट घेतो. मागील पट्टीवर आर-६००ए असें लिहिलेलें असल्यास तो हाच गॅस. त्याच्या नळ्यांचें काम त्याचें शिक्षण घेतलेल्या कारागिरानेंच करावें.

तात्पर्य, फ्रीजच्या पुष्कळशा तक्रारी धूळ, मळलेलें रबर, तुंबलेलें भोंक, दाटीनें भरलेले कप्पे अशा साध्या कारणांतून उद्भवतात, व त्यांस पैशांपेक्षां लक्ष अधिक लागतें. ज्या तक्रारी खरोखर मोठ्या असतात त्यांतही नीट पाहून सांगितलेलें लक्षण कारागिराचा वेळ व घरधन्याचा पैसा वांचवितें. कष्टानें मिळविलेलें अन्न वायां जाऊं न देणें हा कुटुंबांतील लहानथोर सर्वांचाच धर्म आहे.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुट्टींत पुढील अभ्यास करावा. सात दिवस सकाळीं व रात्रीं फ्रीजमधील पाण्याच्या पेल्याचें उष्णमान वहींत टिपावें. त्या दिवशीं दार सुमारें किती वेळां उघडलें तेंही लिहावें. कागदाच्या पट्टीनें रबराची परीक्षा करावी. आणि शेवटीं, आपल्या घरचा फ्रीज निरोगी आहे कीं नाहीं याचा निर्णय कारणांसह दहा ओळींत लिहून वडिलांस अथवा आईस वाचून दाखवावा. घरीं फ्रीज नसल्यास दोन माठ घ्यावे, एक वाऱ्यांत व एक कोंदट जागीं ठेवावा, आणि हीच टिपणी त्यांची करावी. तत्त्व दोहींकडे एकच आहे.