पिकअप गाडीच्या झिजलेल्या दारांची दुरुस्ती

शेतमाल बाजारात नेण्यासाठी पिकअप गाडी बाळगणे ही आता बागाईतदारांच्या घरी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंजिनाचे तेल, टायर, ब्रेक ह्यांची काळजी मालक घेतात. परंतु दारांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीचे दार उघडताच खाली ओळंबते, लावताना दोन-तीन वेळा आपटावे लागते, आणि क्वचित ते सुतळीने बांधून गाडी हाकलेलीही दृष्टीस पडते. हा दोष क्षुल्लक नव्हे, व तो दूर करणे फारसे अवघडही नाही. म्हणून त्याचा क्रमवार विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

दोषाचे गांभीर्य

अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाने मोटार-अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यात असे आढळले की, धडक बसताच दार उघडून जे बाहेर फेकले जातात, त्यांना मृत्यू येण्याचा संभव आत राहणाऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक असतो. पुढे १९६८ पासून तेथे दारांच्या खटक्यांसाठी सरकारी नियम लागू झाला. खटक्याच्या दोन पायऱ्या असतात, अर्धी व पूर्ण. पूर्ण बसलेल्या खटक्याने गाडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे १,१०० किलोचा ओढा सोसला पाहिजे, आणि अर्ध्या बसलेल्याने सुमारे ४५० किलोचा, असे त्या नियमाचे प्रमाण आहे. ह्यावरून अर्धवट लागलेल्या दाराचे बळ निम्म्याहूनही कमी धरावे, हे उघड आहे. दाराशेजारी बहुधा घरातले मूल किंवा कामावरील मजूर बसलेला असतो, ही गोष्ट मालकाने विसरू नये.

रचना व झिजेचे कारण

दार दोन बिजागऱ्यांवर तोललेले असते. प्रत्येक बिजागरीत एक पोलादी खीळ व तिच्याभोवती पितळी किंवा काशाचे बूश असते. दुसऱ्या टोकास दारात खटका असतो आणि गाडीच्या खांबावर कोयंडा असतो; मिस्त्री लोक त्यास स्ट्रायकर म्हणतात. खटक्यातील फिरता काटा कोयंड्यास मिठी मारतो, व एक लहानसा अडसर स्प्रिंगच्या जोराने त्या काट्यास मागे फिरू देत नाही.

आता थोडा हिशेब पाहू. दार २४ किलोचे, त्याचा भार बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर, व दोन बिजागऱ्यांतील अंतर ४० सेंटिमीटर धरले, तर वरची बिजागरी सुमारे ३० किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तितक्याच जोराने आत दाबली जाते. परंतु ७० किलोचा मनुष्य उघड्या दाराच्या टोकास, म्हणजे १ मीटरवर, लोंबकळला, तर ह्यात १७५ किलोची भर पडते. गाडी मागे घेताना दार उघडून त्यावर रेलून पाहण्याची जी चालकांची सवय आहे, तिने बुशे किती लवकर खलास होत असतील, ह्याची कल्पना ह्यावरून येईल. त्यात शेतरस्त्याची धूळ बुशात शिरून कानशीप्रमाणे काम करते. आणि खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत ओलसर खत पत्र्यास गंज चढविते.

बुशात केवळ १ मिलिमीटर खेळ पडला, तरी वरील मापाच्या दाराचे टोक २.५ मिलिमीटर खाली येते. खटका कोयंड्यावर चढेनासा होण्यास इतके अंतर पुरे होते.

परीक्षा

दार अर्धे उघडून त्याचे टोक दोन्ही हातांनी वर उचलावे आणि दुसऱ्याने बिजागरीकडे पाहावे. खीळ बुशात हलत असेल, तर बूश झिजले असे समजावे. बिजागरीची पट्टीच खांबावर सरकत असेल, तर बोल्ट ढिले आहेत. आणि खांबाचा पत्रा लवत असेल वा त्यास चीर दिसत असेल, तर पत्राच फाटला आहे. तिन्ही दोषांस उपाय निरनिराळे आहेत. परीक्षा न करता पाना हाती घेऊ नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दार लागत नाही असे दिसताच कोयंडा ढिला करून खाली सरकविणे, ही पुष्कळांची रीत आहे. त्याने दार त्या दिवशी लागते खरे, पण ओळंबलेले दार तसेच राहते, बूश आणखी झिजते, आणि महिन्या-दोन महिन्यांत तोच दोष पुन्हा उभा राहतो. म्हणून आधी बिजागरी, मग कोयंडा, हा क्रम कधीही मोडू नये.

बिजागरीचे काम

पट्टीच सरकत असेल, तर दार टेकूवर उचलून मूळ जागी आणावे व बोल्ट पक्के आवळावेत. आटे गेले असल्यास बोल्ट बदलावेत.

बूश झिजले असल्यास गाडी सपाट जागी उभी करून दाराखाली जॅक लावावा. जॅकवर फळी व गोणपाट ठेवावे, म्हणजे पत्र्यास पोचा येणार नाही. बिजागरीच्या कडेने खुणेच्या रेघा ओढून ठेवाव्यात. दोन्ही खिळा एकदम काढू नयेत. एका बिजागरीचे काम पुरे झाल्यावरच दुसरीस हात लावावा, म्हणजे दार उतरवावे लागत नाही. खिळेचे डोके कोणत्या बाजूस आहे ते पाहून उलट बाजूने ठोकून ती काढावी. नवे बूश हातोडीने ठोकून बसवू नये, त्याची कड पसरते. लांब बोल्ट, नट व वायसर ह्यांच्या साह्याने ते हळूहळू ओढून बसवावे. भोक लांबट झाले असल्यास खराद्याकडून त्या मापाचे जाड बूश करून घ्यावे. खिळेच्या जागी साधा बोल्ट घालण्याचा मोह टाळावा. त्याचे आटे करवतीप्रमाणे बूश कापतात. ज्या बिजागरीची खीळ रिव्हेट केलेली असते, ती सबंधच बदलणे बरे.

पत्र्यास चीर असल्यास चिरेच्या टोकाशी लहान भोक पाडून मग वेल्डिंग करावे, म्हणजे चीर पुढे धावत नाही. तत्पूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि जवळचे अस्तर व तारा दूर कराव्यात.

कोयंडा व खटका

दार मूळ पातळीस आल्यावर भोवतालची फट सारखी आहे की नाही ते पाहावे. मग कोयंड्याचे स्क्रू किंचित ढिले करून, बाहेरची मूठ ओढून धरून, दार हळूच लावावे. खटका कोयंड्यास आपल्या मध्यावर आणतो. नंतर सावकाश उघडून स्क्रू पक्के आवळावेत. दार लावताना वर उचलले जात असेल वा खाली दबत असेल, तर कोयंडा अद्याप जागेवर नाही असे समजावे. रबरी पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद ओढताना अडला पाहिजे.

खटक्यातील जुने घट्ट ग्रीस रॉकेल किंवा डिझेल व बुरुश ह्यांनी धुऊन काढावे, वाळवावे, आणि लिथियम ग्रीस बेताने लावावे. इंजिनाचे जळके तेल लावू नये; ते धूळ धरते. मग दार उघडे असतानाच स्क्रूड्रायव्हरने काटा दाबावा. दोन स्पष्ट टिचक्या ऐकू आल्या पाहिजेत, व मूठ ओढताच काटा मोकळा झाला पाहिजे. काटा मिटलेला असताना दार मात्र लावू नये. खटका कोयंड्यावर आदळून मोडतो. धुतल्यावरही अडसर निसटत असेल, तर त्याची धार गोल झाली आहे. ती कानशीने घासून किंवा वेल्डिंगने भरून काम भागवू नये; नवा खटकाच बसवावा.

मागील फाळका

हाच विचार मागील फाळक्यासही लागू आहे. त्याच्या बिजागऱ्यांची खीळ, कडी आणि साखळ्या ह्यांकडे दर हंगामापूर्वी पाहावे. कडीच्या जागी तार बांधून माल भरणे म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव धोक्यात घालणे होय.

सारांश

दर तीन महिन्यांनी बिजागऱ्यांस तेलाचे दोन थेंब, वर्षातून एकदा खटक्याची धुलाई, आणि उघड्या दारावर कोणी भार टाकू नये अशी सक्त ताकीद, इतके पाळले तर दुरुस्तीचा प्रसंग क्वचितच येईल. आसास वंगण न घालता गाडी जुंपणाऱ्या गाडीवानास आपले वाडवडील हसत असत. बैलांच्या जागी इंजिन आले, तरी लोखंडावर लोखंड घासले की झीज होते, हा नियम बदललेला नाही.