तंतु-लेसर : शक्तिवाढीचा प्रश्न

केसाएवढ्या काचतंतूतून निघालेला प्रकाश पोलादाचा जाड पत्रा कापतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ एलायस स्निट्झर यांनी १९६१ मध्ये तंतु-लेसरची कल्पना मांडली. कारखान्यांतील जड कामापर्यंत ती पोहोचण्यास मात्र सुमारे चाळीस वर्षे लागली. अडचण तंतूच्या बारीकपणातच होती.

अशा तंतूच्या गाभ्यात इटर्बियम या मूलद्रव्याचे अल्प मिश्रण असते. बाहेरून प्रकाश पुरविला की ते उत्तेजित होते व त्यातून जाणारा लेसर-प्रकाश बळावत जातो. परंतु डायोडांचा पसरट प्रकाश इतक्या अरुंद गाभ्यात शिरावा कसा? १९८० नंतरच्या दशकात पुढे आलेल्या दुहेरी आवरणाच्या तंतूने हा प्रश्न सोडविला. त्यात डायोडांचा प्रकाश गाभ्याभोवतीच्या रुंद आतील आवरणात सोडतात. बाहेरील आवरण त्यास निसटू देत नाही. पाटाचे पाणी वाटेत मुरावे, तसा तो अनेक मीटर लांबीत गाभ्यात मुरत जातो.

लांब तंतूतील उष्णता लवकर बाहेर पडते, हा त्याचा मोठा गुण होय. तथापि २० मायक्रोमीटर व्यासाच्या गाभ्यातून एक किलोवॉट प्रकाश नेल्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ कोटी वॉट इतकी दाटी होते. अशा दाटीत १९२८ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम उग्र रूप धारण करतो व प्रकाशाची तरंगलांबीच बदलू लागते. गाभा रुंद केला तर शलाका उष्णतेने अस्थिर होते. तंतू आखूड केला तर उष्णता थोड्या जागेत कोंडते.

२००४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने एका तंतूतून १.३६ किलोवॉट शक्ती मिळविली. २००९ मध्ये आयपीजी कंपनीने १० किलोवॉटची एकसंध शलाका साधली. तेथे डायोडांऐवजी दुसऱ्या तंतु-लेसरांचाच प्रकाश गाभ्यास पुरविला होता. पुरविलेल्या व निघणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबी जवळजवळ असल्याने उष्णता कमी निर्माण झाली. त्याहून अधिक शक्तीसाठी कारखान्यांत अनेक लेसरांचा प्रकाश एका जाड तंतूत एकत्र करतात. शलाका थोडी जाडी होते. पत्रा कापण्यास ती पुरेशी असते.

हा प्रकाश सुमारे १,०७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. तो दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही, आणि धातूवरून परावर्तित झालेला किरणही दृष्टिपटल जाळू शकतो. यंत्राजवळ उभे राहणाऱ्याने त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला चष्मा वापरावा. साध्या काळ्या काचेवर विसंबू नये.