भिशीतून शेअर क्लब : करार हवाच का?

प्रश्न : आम्ही अकरा मैत्रिणी भिशीऐवजी दरमहा पैसे जमवून शेअर घेणार आहोत. कुणी जास्त भरेल, कुणी कमी. लेखी करार लागेल का?

उत्तर : कमी-जास्त भरणार म्हणता, म्हणून तर नक्कीच! असा क्लब सहसा भागीदारी म्हणून चालतो, आणि १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम १३ सांगतं, वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांना सारखा. म्हणजे पाच हजार भरणारी आणि पाचशे भरणारी एकाच मापात. वाटणी भांडवलाच्या प्रमाणात, असं स्पष्ट लिहा. मध्येच सोडून जाणारीला कोणत्या दिवसाच्या बाजारभावाने, किती दिवसांत पैसे द्यायचे, हेही लिहा. माझ्या अनुभवात भांडणं इथेच पेटतात. एखादीचं निधन झालं तर, उलट तरतूद नसल्यास, कलम ४२ नुसार भागीदारीच संपते. ती तरतूद विसरू नका.

डिमॅट खातं सहसा भागीदारांच्या नावे निघतं, तेव्हा त्यातले शेअर क्लबचे आहेत हे करारात नोंदवा. करार स्टॅम्प पेपरवर करा आणि फर्मची नोंदणीही करून घ्या. नोंदणी नसेल तर कलम ६९मुळे करारातला हक्क एकमेकींकडूनही दावा लावून मिळवता येत नाही.