कोयनेचे पाणी : विजेचा आणि शेतीचा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरणाची उंची सुमारे १०३ मीटर असून त्यामागील शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता १०५.२५ टी.एम.सी. आहे. (१ टी.एम.सी. म्हणजे १०० कोटी घनफूट.) चार टप्पे व धरणपायथा वीजगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. अशा धरणाने काय मिळाले व त्यासाठी काय द्यावे लागले, हे शेतकऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

पाण्याच्या दोन वाटा

कोयना नदी कराड येथे कृष्णेला मिळते. वीजनिर्मितीसाठी मात्र धरणातील बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस कोकणात उतरवले जाते. पोफळीच्या वीजगृहास सुमारे ४७५ मीटर उंचीवरून पाणी मिळते. पुढे अलोरे येथे त्याच पाण्यावर पुन्हा वीज तयार होते व नंतर ते वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते. कृष्णा खोऱ्यास ते परत मिळत नाही. म्हणूनच बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यास वर्षाला ६७.५ टी.एम.सी. ही मर्यादा घातली.

एका पाळीचा हिशेब

एक एकर पिकास ७.५ सें.मी. खोलीची एक पाळी देण्यास सुमारे ३०० घनमीटर पाणी लागते. तेवढेच पाणी पोफळीस उतरवले तर साधारण ३५० युनिट वीज मिळते. उलट तेच पाणी नदीत सोडून उपसा योजनेने १०० मीटर उंच चढवायचे झाल्यास सुमारे १२५ युनिट वीज खर्ची पडते. ताकारी, टेंभू व म्हैसाळ या योजना कृष्णेतूनच पाणी उचलतात. धरणपायथ्याच्या वीजगृहातून नदीत सोडलेले पाणी वीजही देते व सिंचनासही येते. परंतु तेथे उंची कमी असल्याने वीज कमी मिळते.

जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते, त्यास कोळसा लागत नाही. सायंकाळी विजेची मागणी वाढली की त्याचे मोल कळते. मात्र पाऊस कमी झालेल्या वर्षी वीज की पीक, असा प्रश्न उभा राहतो. आपल्या पंपास वीजही हवी आणि पिकास पाणीही हवे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस शेतकरीच आहे.

पर्यावरण व माणसे

जलाशयाखाली खोऱ्यातील सुपीक भातजमिनी व गावे गेली. १९७६ चा पुनर्वसन कायदा होण्यापूर्वीच हे लोक उठले. त्यांपैकी अनेक कुटुंबांचे पर्यायी जमिनीचे प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळले. स्वस्त विजेच्या हिशेबात हा खर्च सहसा धरला जात नाही.

१९६२ च्या सुमारास जलाशय भरू लागल्यावर परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. शास्त्रज्ञ या भूकंपांचा संबंध जलाशयाशी जोडतात. त्यानंतर धरणाचे मजबुतीकरण करण्यात आले.

लाभक्षेत्रातही दुष्परिणाम दिसतात. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत उसास अतिरेकी पाणी दिल्याने व निचरा न झाल्याने सांगली, कोल्हापूर भागात जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या आहेत. म्हणजे टंचाईच्या पाण्यानेच जमीन नापीक होते.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. उसास मोकाट पाणी देऊ नये. ठिबक सिंचनाचा अवलंब करावा. ते शक्य नसल्यास सरी-वरंब्यात मोजून पाणी द्यावे व पाचटाचे आच्छादन करावे.

२. भारी जमिनीत चर काढून निचरा करावा. क्षारपड जमिनीत माती परीक्षण करूनच भूसुधारके वापरावीत.

३. धरणाच्या पाणलोटातील शेतकऱ्यांनी उतारास आडवी मशागत करावी, बांधावर गवत व झाडे राखावीत. त्यामुळे माती शेतातच राहून जलाशयात गाळ कमी जातो.

४. पाणीवापर संस्थेत सामील होऊन आवर्तनाचे वेळापत्रक हंगामापूर्वी समजून घ्यावे व उपलब्ध पाणी पाहूनच पिकाची निवड करावी.

शेतकरी बंधूंनो, पश्चिमेस उतरलेले पाणी आपल्या शेतास परत येत नाही. पूर्वेस येणाऱ्या पाण्यासाठी वीज सोडावी लागते आणि त्या पाण्यामागे विस्थापितांची जमीनही आहे. म्हणून शेतात वाचवलेली प्रत्येक पाळी ही पाण्याबरोबर विजेचीही बचत आहे.